कर्मेलनंतरचा विसावा

आध्यात्मिक उत्कटतेनंतर येणारी मरगळ हा ख्रिस्ती जीवनातला फार जुना अनुभव आहे. युवा शिबिर, उज्जीवन सभा, मौनातली रिट्रीट, बाप्तिस्मा, पवित्र सप्ताहातल्या लागोपाठच्या उपासना, नाताळचा कार्यक्रम अशा प्रसंगी मन भरून येते, प्रार्थना आपसूक ओठांवर येते आणि आयुष्य बदलून टाकण्याचे निश्चय होतात. घरी परतल्यावर मात्र दोन-तीन दिवसांत हे सारे ओसरते. पवित्र शास्त्र उघडले तर मजकूर कोरडा वाटतो, घरच्यांवर चिडचिड होते, कारण नसताना रडू येते. त्याहून त्रासदायक असते ती मागोमाग येणारी शंका : शिबिरात जे अनुभवले ते खरे होते की केवळ गाण्यांचा आणि गर्दीचा परिणाम? काही जण या शंकेपायी मंडळीत जाणेच सोडतात, तर काही जण तीच भावना पुन्हा मिळवण्यासाठी एका सभेतून दुसऱ्या सभेत फिरत राहतात. दोन्ही वाटांनी थकवाच वाढतो.

या अवस्थेचे सर्वांत तपशीलवार चित्र बायबलमध्ये १ राजे या पुस्तकाच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांत आहे. हे दोन अध्याय सलग वाचावेत. शाळेपासून सगळ्यांना कर्मेल डोंगरावरचा अग्नी ठाऊक असतो. त्यानंतरच्या दिवसांकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. बआलाचे ४५० संदेष्टे एका बाजूला आणि देवाचा संदेष्टा एलीया एकटा दुसऱ्या बाजूला. सकाळपासून संध्याकाळच्या अर्पणाच्या वेळेपर्यंत तो ताण चालला. एलीयाने बारा धोंड्यांची वेदी उभारली, तिच्यावर तीनदा पाणी ओतवले, प्रार्थना केली आणि आकाशातून अग्नी पडला. लोक पालथे पडले. त्याच दिवशी किशोन ओहोळापाशी रक्तपात झाला. मग एलीया डोंगराच्या माथ्यावर जाऊन पावसासाठी गुडघ्यांत डोके घालून बसला आणि त्याने आपल्या चाकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवले. सुमारे तीन वर्षांच्या अवर्षणानंतर पाऊस आला, तेव्हा तो अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत गेला. हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरते. एका दिवसात इतके सारे.

एकोणिसाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि हा माणूस कोलमडतो. निरोप धमकीचाच होता. पण आदल्या दिवशी शेकडोंपुढे न डगमगलेल्या माणसाला एका निरोपाने पळायला लावले, यातच त्याची शक्ती किती संपली होती ते दिसते. तो दक्षिणेकडे दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून बैर-शेबाला जातो, चाकराला तिथेच ठेवतो आणि एकटाच एक दिवसाची वाट रानात चालून एका रताम झुडपाखाली बसतो. नेगेवच्या वाळवंटी भागात ओहोळांच्या कोरड्या पात्रांत हे झुडूप उगवते. त्याला पाने थोडी, फांद्या काडीसारख्या आणि सावली विरळ. तिथे बसून तो देवाजवळ मरण मागतो. मग झोपतो.

पुढे जे घडते त्याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण या अवस्थेतून बाहेर पडण्याचा क्रम त्यातून कळतो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू असतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवतो आणि पुन्हा खायला लावतो. वाट मोठी आहे, एवढेच कारण सांगतो. या सबंध प्रसंगात उपदेशाचे एक वाक्य नाही. तू असा कसा खचलास, कालचा चमत्कार विसरलास काय, असे कोणी विचारत नाही. मरण मागितल्याबद्दल रागे भरणेही नाही. आधी झोप, अन्न, पुन्हा झोप, पुन्हा अन्न. त्यानंतर चाळीस दिवसांची पायवाट. आणि तिच्या शेवटी होरेब डोंगरावरच्या गुहेत संवाद. आपल्याकडे बहुतेकदा क्रम उलटा होतो. खचलेल्या माणसाला आधी वचने ऐकवली जातात आणि तो जेवला आहे की नाही, हे शेवटी कधीतरी विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही.

होरेबवरच्या संवादातही एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. तू इथे काय करतोस, असे देव एलीयाला विचारतो. तो आपली तक्रार मांडतो : मी फार आवेशाने काम केले, लोकांनी करार मोडला, मी एकटाच उरलो. मग वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात आणि त्यांच्यानंतर मंद वाणी ऐकू येते. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तीच तक्रार जवळजवळ शब्दशः पुन्हा सांगतो. म्हणजे त्या मंद वाणीनेही त्याचे मन एका क्षणात हलके झाले नाही. देव त्यावर वाद घालत नाही. त्याला परत जाण्याची वाट, करायची कामे आणि एका सोबत्याचे नाव देतो. बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत, हेही सांगतो. विसावा म्हणजे पुन्हा आनंदी वाटू लागणे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी या भागाजवळ थांबावे. एलीया परत फिरला तेव्हा त्याला कसे वाटत होते, हे पुस्तक सांगत नाही. तो चालू लागला, इतकेच सांगते.

उत्कटतेनंतर मन का ढासळते, याची कारणे बरीचशी शरीरातच आहेत. मोठ्या प्रसंगाच्या काळात शरीर ताणाला तोंड देणारी संप्रेरके स्रवत असते. त्यामुळे झोप कमी झाली, जेवण चुकले, आवाज बसला तरी माणूस उभा राहतो. प्रसंग संपला की ही मदत ओसरते आणि आठवडाभराचा थकवा एकदम अंगावर येतो. शिबिरातली जागरणे, रात्री बारापर्यंतची गाणी, पहाटेची प्रार्थना, त्यातच एखादा उपवास. या सगळ्याची थकबाकी घरी आल्यावर वसूल होते. दुसरे कारण सोबतीचे आहे. चार दिवस शंभर माणसांबरोबर एकाच सुरात गायलेला तरुण घरी येऊन एकटाच गुडघे टेकतो, तेव्हा त्याला जाणवणारी पोकळी देवाच्या अनुपस्थितीची असेलच असे नाही. ती बहुधा माणसांच्या अनुपस्थितीची असते. तिसरे कारण अपेक्षेचे. डोंगरावरचा क्षण हीच विश्वासाची नेहमीची पातळी आहे असे मानले, की पायथ्याचा प्रत्येक दिवस अपयशाचा वाटतो. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तीन मंडप उभारून तिथेच राहायचे होते. प्रभू त्याला खाली घेऊन आला आणि खाली उतरताच आजारी मुलाचा हवालदिल बाप समोर उभा होता.

लंडनचे बॅप्टिस्ट उपदेशक चार्ल्स हॅडन स्पर्जन (१८३४–१८९२) यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांत या विषयावर एक स्वतंत्र व्याख्यान आहे. हजारोंच्या जमावापुढे बोलणारे स्पर्जन स्वतः दीर्घकाळ खिन्नतेने ग्रासलेले असत आणि ते त्यांनी लपवले नाही. मोठ्या यशाची घडी हीच खचण्याची घडी असते, असे त्यांनी विद्यार्थ्यांना बजावले आणि उदाहरण एलीयाचेच दिले. विश्रांतीत गेलेला वेळ वाया जात नाही, हेही त्यांनी निक्षून सांगितले. मरगळ आली की तिला ताबडतोब सैतानाचा हल्ला किंवा लपलेल्या पापाचे फळ ठरवणाऱ्यांनी हे व्याख्यान जरूर वाचावे. परीक्षा येते, पापही असते. पण तीन रात्री न झोपलेल्या माणसाबाबत पहिली शंका झोपेचीच घ्यावी.

म्हणून मोठ्या प्रसंगानंतरचे पहिले दोन-तीन दिवस शरीराचे समजावेत. शक्य असेल तर परतल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर रजा घ्यावी. ते जमत नसेल तर निदान संध्याकाळ मोकळी ठेवावी आणि रात्री लवकर झोपावे. उपवास झाला असेल तर पेज, मऊ भात, वरण असे साधे, गरम अन्न थोडे-थोडे पण वेळेवर घ्यावे. रोज थोडे चालावे, मोकळ्या हवेत आणि शक्यतो मुकाट. ओसरलेली उत्कटता परत आणण्यासाठी लगेच दुसरा उपवास किंवा रात्रभराची प्रार्थना धरू नये. भक्तिमान माणसांच्या हातून हे फार वेळा घडते आणि त्यांच्या उत्साहाकडे पाहून कोणी अडवतही नाही. एलीयाला त्या घडीला भाकर दिली गेली, उपवास सांगितला गेला नाही. शिबिराच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटो आणि चित्रफिती येतच असतात; त्या पुन:पुन्हा पाहिल्याने मन मागेच रेंगाळते, म्हणून गट काही दिवस मूक करून ठेवावा. अनुभव ताजा असताना वहीत लिहून ठेवणे मात्र चांगले : कोणते वचन भिडले, कशाबद्दल रडू आले, कोणाची क्षमा मागायचे ठरले.

निर्णयांबाबत सर्वांत नेमके मार्गदर्शन येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ साली छापल्या गेलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात आहे. त्यांचा एक नियम बऱ्याच जणांना माहीत असतो : मन कोरडे पडलेले असताना आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये. दुसरा तितकाच महत्त्वाचा नियम कमी जणांना ठाऊक आहे. देवाने मनाला दिलेला दिलासा आणि त्याच्या मागून उरलेली ऊब, या दोन वेळा वेगळ्या ओळखाव्यात. दिलासा देवाचा असला तरी त्यानंतरच्या उबेत माणूस स्वतःच्या कल्पना आणि बेत रचू लागतो, आणि तेही देवाकडूनच आले असे त्याला वाटते. म्हणून त्या बेतांची कसून पारख करायला हवी, असे इग्नेशियस सांगतात.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा की, सभेहून परतल्याच्या आठवड्यात नोकरीचा राजीनामा देऊ नये, ठरलेले लग्न मोडू नये, घरच्यांना न विचारता मोठ्या देणगीचा शब्द देऊ नये आणि पूर्णवेळ सेवेला निघण्याची घोषणाही करू नये. त्याचप्रमाणे, मरगळ आली म्हणून गायनमंडळ, संडे स्कूल किंवा मंडळीतली जबाबदारी सोडू नये. निश्चय तारखेसह लिहून ठेवावा, पंधरा-वीस दिवसांनी तो पुन्हा वाचावा आणि मग पाळक, फादर किंवा पोक्त विश्वासू माणूस यांच्यापुढे मांडावा. जो खरा असेल तो तोपर्यंत टिकतो. क्षमा मागणे, उसने पैसे परत करणे, बिघडलेले बोलणे सुरू करणे अशा लहान आणि स्पष्ट आज्ञापालनाला मात्र थांबायचे कारण नाही. ते पहिल्याच आठवड्यात करावे.

प्रार्थना या काळात आखूड आणि ठरावीक वेळी असावी. शब्द सुचत नसतील तर तयार शब्द वापरण्यात काही कमीपणा नाही. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना अशाच वेळी हाताशी असते. कॅथलिक घरांतली संध्याकाळची रोझरी, प्रॉटेस्टंट घरांतली रात्रीची कौटुंबिक प्रार्थना यांचे मोल कोरड्या दिवसांतच कळते, कारण त्या भावनेवर अवलंबून नसतात. स्तोत्रसंहितेत बेचाळिसावे स्तोत्र खचलेल्या जिवाशी बोलते आणि तो कधीकाळी उत्सवाच्या जमावाबरोबर देवाच्या मंदिराकडे कसा जात असे, याची आठवणही काढते. शिबिराहून परतलेल्या माणसाला त्यात स्वतःची ओळख पटेल. एकशे एकतिसावे स्तोत्र अवघ्या तीन वचनांचे आहे. दूध तुटलेले मूल आईजवळ काही न मागता नुसते निवांत असते, तसा त्यात जीव देवाजवळ असतो. ते रोज झोपण्यापूर्वी एकदा सावकाश वाचावे आणि दिवा मालवावा. दहा मिनिटे पुरे. जास्त वेळ बसून काहीच वाटले नाही याचे दुःख करण्यापेक्षा थोडा वेळ बसून उठणे बरे.

विसाव्यात व्यत्यय येतो, हेही धरून चालावे. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रेषित सेवेहून परत येतात आणि काय काय केले, काय शिकवले ते उत्साहाने येशूला सांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नसते. येशू त्यांना एकांतात चालून थोडा विसावा घ्यायला सांगतो. ते मचव्यातून निघतात. पण लोक पायी धावत त्यांच्या आधी पलीकडे पोहोचलेले असतात. त्या दिवशी शिष्यांना विसावा मिळाला तो बहुधा मचवा पाण्यावर होता तेवढाच. तरी येशूने तो बेत चुकला असे मानले नाही. तिथे जमलेल्या पाच हजारांचे जेवण आटोपल्यावर त्याने शिष्यांना मचव्यात बसवून पुढे पाठवले, लोकसमुदायाला निरोप देण्याचे काम स्वतः केले आणि मग तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. शेवटची आवराआवर पुढाऱ्याने अंगावर घेऊन थकलेल्या सोबत्यांना आधी मोकळे करणे, हा धडा आपल्या मंडळ्यांनी अजून पुरता घेतलेला नाही.

नाताळच्या प्रीतिभोजनानंतरचे चर्चचे आवार पाहिले की हे पटते. स्तुतिगीते गाणारे घरी गेलेले असतात, वक्ते पाहुणचार घेत असतात आणि मागच्या नळावर तीन-चार बायका अजून पातेली घासत असतात. पंधरा दिवस त्यांनी करंज्या, केक आणि पाहुण्यांचे जेवण सांभाळलेले असते. त्यातल्या एखादीला उपासनेत धड बसायलाही मिळालेले नसते. उत्कट प्रसंगाचा आनंद तिच्या वाट्याला थोडा आणि थकवा पुरेपूर. शब्बाथाच्या आज्ञेत दास, दासी, बैल आणि गाढव यांचीही नावे घेतली आहेत, म्हणजे एकाच्या विसाव्याचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकता येत नाही. ध्वनियंत्रणा सांभाळणारा मुलगा, सतरंज्या उचलणारा सेवक, गायनमंडळाचा पेटीवादक आणि पाळकाची पत्नी यांनाही सुटीचा दिवस मिळाला तरच मंडळीने विसावा घेतला असे म्हणता येईल.

थकवा उतरला की माणसांत आणि कामात परतावे. होरेबवर एलीयाला सांगितलेल्या तीन कामांपैकी पुस्तकात आधी येते ते तिसरे, अलीशाला बोलावणे. बारा जोड्यांनी नांगरट चालली होती आणि बाराव्या जोडीमागे अलीशा होता. एलीयाने त्याच्यावर आपला झगा टाकला. चाकराला मागे ठेवून एकटाच रानात गेलेला माणूस परत येताना पहिल्यांदा सोबती मिळवतो. शिबिराहून आलेल्यांनीही महिनाभर दोघा-तिघांनी आठवड्यातून एकदा भेटावे. चहा घ्यावा, एकमेकांची खरी परिस्थिती विचारावी आणि थोडी प्रार्थना करावी. तिथे साक्ष देण्याचा आग्रह नसावा, कारण या दिवसांत काही वाटत नसल्याचे सांगायलाही जागा लागते.

काम कसे सावरते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठे उज्जीवन झाले. मुली आणि स्त्रिया तासन्‌तास प्रार्थना करीत, पापांची कबुली देत, रडत आणि गात. त्याच आवारात शेती होती, विणकाम आणि छापखाना होता, शाळा होती आणि शेकडो तोंडांचा रोजचा स्वयंपाक होता. इतक्या तीव्र भावनेनंतर ज्या माणसाला सकाळी काही करायला नसते तो भरकटतो. मुक्तीतल्या बायकांना सकाळी काम होते. रमाबाईंची स्वतःची पुढची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात, हिब्रू आणि ग्रीक शब्दांचा एकेक अर्थ लावण्यात गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याआधी त्यांनी ते काम पुरे केले होते. उज्जीवनाचे वर्ष एक. त्यामागून आलेली वर्षे सतरा.

योहानाच्या शेवटच्या अध्यायातही असेच दिसते. पुनरुत्थानासारखी घटना घडून गेल्यावर पेत्र आणि सोबती मासे धरायला जातात. रात्रभर हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावर येशू निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर घेऊन उभा असतो आणि त्यांना न्याहारीला बोलावतो. पेत्राशी गंभीर बोलणे होते ते न्याहारी झाल्यावर.

काही वेळा मात्र ही नेहमीची मरगळ नसते आणि तिथे झोप, पेज आणि स्तोत्रे पुरत नाहीत. खिन्नता दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक बिघडलेलीच राहिली, कशातच रस वाटेना किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जावे. उलट टोकाचीही खूण ओळखावी : सभेनंतर कोणी दोन-तीन तास झोपूनही थकत नसेल, अखंड आणि भरभर बोलत असेल, पैसे उधळत असेल, आपल्याला विशेष अधिकार मिळाल्याचे सांगत असेल, तर त्याला आत्म्याचे सामर्थ्य समजून टाळ्या देऊ नयेत, तो उपचाराने आटोक्यात येणारा आजार असू शकतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. औषध घेणे हा अविश्वास नव्हे. पाळकांनी हे व्यासपीठावरून एकदा तरी स्पष्ट सांगावे, कारण त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुष्कळ घरे दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

उरते ती मंडळीची जबाबदारी. चर्चच्या पूर्वापार पंचांगात ही सोय आहेच : नाताळ एका दिवसात संपत नाही, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत तो सावकाश उतरतो, पुनरुत्थानाचा आनंद पन्नास दिवस पसरलेला असतो, आणि वर्षाचा बराच मोठा भाग हिरव्या रंगाच्या साध्या काळाचा असतो, ज्यात विशेष काहीच घडावे लागत नाही. अलीकडे मात्र पुनरुत्थानाची पहाटेची उपासना संपते न संपते तोच उन्हाळी शिबिराची सभा बोलावली जाते आणि शिबिराच्या समारोपातच पुढच्या उज्जीवन सभेची घोषणा होते. हे थांबवावे. शिबिरानंतरच्या रविवारी उपासना लहान ठेवावी, त्या आठवड्यात समितीची एकही बैठक घेऊ नये आणि स्वयंपाक व व्यवस्था पाहणाऱ्यांना पुढच्या महिन्याच्या कामातून वगळावे. वर्षाची कार्यक्रमपत्रिका आखतानाच समितीने शिबिराच्या तारखेखाली विसाव्याची तारीखही लिहावी आणि ती इतर तारखांइतकीच पाळावी.